निवांत अपार्टमेंटचं मुसकं

एक गाव होतं. त्या गावात नुकतीच एक लिफ्टवाली इमारत झाली होती, आणि त्या इमारतीच्या गेटवर एक भोळा वॉचमन बसायचा. त्याचं नाव गेनबा.

इमारतीचं नाव निवांत अपार्टमेंट. तिथं खऱ्या अर्थानं निवांत काय असेल तर ती लिफ्ट. ती कधी चाललीच नाही.

गेनबाला कामावर ठेवलं तेव्हा सेक्रेटरी हुपरीकर म्हणाले, "काम सोपं आहे. गेटवर नजर ठेवायची. काही झालं तरी नजर हटवायची नाही."

गेनबानं नजर ठेवली. त्याच आठवड्यात चोर मागची भिंत चढून आले आणि पाण्याची मोटर घेऊन भिंतीवरूनच गेले. जाताना एकानं गेनबाकडे काडेपेटी मागितली. गेनबानं गेटकडे बघत बघतच दिली.

हुपरीकर ओरडत खाली आले. गेनबा म्हणाला, "साहेब, गेट हाय की जागच्या जागी."

त्याला काढून टाकावं असं सगळ्यांच्या मनात आलं. पण एवढ्या पगारात दुसरा कोण मिळणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून गेनबा राहिला.

आता लाडूचं सांगतो. तळमजल्यावर चिवटेबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म घालवलेल्या, आता एकट्या. त्यांच्याकडे लाडू नावाचा कुत्रा होता. रॉटवायलर जातीचा. काळाकुट्ट, घमेल्याएवढं डोकं. बाईंच्या भाच्यानं तो हौसेनं घेतला आणि हौस फिटल्यावर मावशीकडे आणून सोडला. लाडू आता म्हातारा झाला होता. दात पडले होते. बाई त्याला दुधात भाकरी कुस्करून द्यायच्या. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की तो घाबरून पलंगाखाली शिरायचा, आणि मग पलंगच वर उचलला जायचा.

हुपरीकरांकडे प्रिन्स होता. पॉमेरेनियन. पांढराशुभ्र, मऊमऊ, हातभर लांब. तो दूधवाल्याला चावला होता. पेपरवाल्याला चावला होता. इमारतीतल्या दोघा-तिघांना चावला होता. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना तर आरती चालू असताना चावला. हुपरीकर म्हणायचे, "खेळकर आहे हो."

एके दिवशी हुपरीकरांनी मोबाईलवर कसलासा व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा देशात कुठल्याशा कुत्र्यानं कुणाला तरी फाडलं होतं. कुत्रा काळा होता. झालं. त्यांनी रविवारी सभा बोलावली, बटाटेवडे मागवले आणि ठराव मांडला. धोकादायक जातीच्या कुत्र्यांना आवारात सक्त मनाई.

"लाडू आजवर कुणाला चावलाय?" बाईंनी विचारलं.

"चावला नाही. पण चावू शकतो."

"अहो, दात कुठायत त्याला?"

"बाई, प्रश्न दातांचा नाही, जातीचा आहे. रक्तातच असतं ते."

"आणि तुमचा प्रिन्स?"

"त्याची जात चांगली आहे."

यावर कुणी काही बोललं नाही. ज्यांना प्रिन्स चावला होता तेही बोलले नाहीत. वडे गरम होते. मला या गप्प बसण्याचा ठरावापेक्षा जास्त राग येतो, पण ते असो. अध्यक्ष शेडबाळे अण्णा नेहमीप्रमाणे खुर्चीत झोपले होते. त्यांना हलवलं. ते "मंजूर" म्हणाले आणि पुन्हा झोपले.

बाईंना पुढच्या रविवारपर्यंत मुदत मिळाली. तोवर लाडूला बाहेर न्यायचं असेल तर गेटपासून घरापर्यंत त्याच्या तोंडाला मुसकं हवं, असं हुपरीकरांनी बजावलं. गावात कुत्र्याचं मुसकं कुठलं मिळायला? बाईंनी बाजारातून बैलाचं आणलं. सुतळीचं विणलेलं, मळणीच्या वेळी बांधतात तसलं. लाडूनं तेही मुकाट्यानं बांधून घेतलं.

बाई गेटपाशी येऊन गेनबाला म्हणाल्या, "लाडूला सोडून मी राहायची नाही रे. आणि लाडूला घेऊन या वयात मी कुठं घर शोधू?" त्यांचे डोळे भरून आले. गेनबाचेही आले. त्यानं ते गेटकडे बघत बघतच पुसले.

सोमवारी हुपरीकरांनी गेटवर बोर्ड लावला. वर तांबड्या अक्षरांत 'यांना आवारात सक्त मनाई' आणि खाली रॉटवायलरचं मोठं चित्र, जीभ बाहेर काढलेलं.

"गेनबा, हे चित्र नीट बघून ठेव. या चित्रातल्यासारखा जो दिसेल त्याला आत सोडायचं नाही. कोणी का असेना."

"कोणी का असंना," गेनबानं पाठ केलं.

दुपारी हुपरीकरांचे व्याही आले. तरुणपणी तालीम केलेले. मान जाड, जबडा रुंद, अंगात काळा कोट. उन्हातून चालत आल्यामुळे धापा टाकत गेटपाशी उभे राहिले. गेनबानं बोर्डाकडे बघितलं. व्याह्यांकडे बघितलं. पुन्हा बोर्डाकडे बघितलं.

"पावणं, जरा तोंड बाजूला करा."

व्याह्यांनी केलं.

"आता जीभ भाईर काढा."

"ती कशाला?"

"चित्रात हाय."

व्याह्यांचा चेहरा रागानं फुगला, तेव्हा तर उरलासुरला फरकही गेला. गेनबानं गेट लावून घेतलं. व्याही आल्या पावली परत गेले आणि महिनाभर फोन उचलला नाही.

हुपरीकर कपाळ बडवत आले. "अरे मूर्खा! आलेल्याला असं अडवतात का? अदबीनं नाव विचारायचं. कुणाकडे आलात ते विचारायचं. रजिस्टरवर सही घ्यायची आणि हात जोडून आत सोडायचं."

"ध्यानात ठेवतो, साहेब."

त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. सगळा घोटाळा तिथंच व्हायचा.

बुधवारी हुपरीकरांकडे मटण शिजत होतं. वास गल्लीभर सुटला. गल्लीतली मोकाट कुत्री गेटवर येऊन उभी राहिली. गेनबा खुर्चीवरून उठला.

"नाव?" त्यानं पुढच्या कुत्र्याला अदबीनं विचारलं.

कुत्रा काही बोलला नाही. गेनबानं रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सांगत न्हाईत'.

"कुणाकडं आलाय?"

कुत्र्यानं मान वर करून हुपरीकरांच्या खिडकीकडे पाहिलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. गेनबानं लिहिलं, 'हुपरीकरसाहेब. जेवायला.' मग शाईच्या पॅडवर एकेकाचा पंजा टेकवून अंगठे घेतले आणि हात जोडले.

"या. दुसरा मजला. लिफ्ट बंद हाय, जिन्यानं जावा."

हुपरीकरांकडे त्या दिवशी मटण होतं. थोड्या वेळानं नव्हतं.

हुपरीकर रिकामं पातेलं घेऊनच खाली आले. "अरे टोणग्या! कुत्रं दिसलं की काठी आपटायची! हाड हाड करायचं! पार वेशीपर्यंत पिटाळून यायचं!"

"येशीपतुर," गेनबानं पाठ केलं.

गुरुवारी सकाळी हुपरीकरांच्या पत्नी, मालतीवहिनी, प्रिन्सला फिरवायला खाली घेऊन आल्या. गेनबानं काठी आपटली. "हाड! हाड!" प्रिन्स साखळी तोडून पळाला. प्रिन्सच्या मागे गेनबा, गेनबाच्या मागे वहिनी, अशी वरात बाजारपेठेतून वेशीपर्यंत गेली. वेशीवर गेनबा थांबला, कारण तिथपर्यंतच सांगितलं होतं.

सगळे परत गेटपाशी आले तेव्हा हुपरीकरांनी घाबरलेल्या प्रिन्सला छातीशी धरलं. "हा काय कुत्रा आहे? हा प्रिन्स आहे! आमच्या घरातला माणूस आहे! घरातल्या माणसाला कुत्रा म्हणतोस?"

"चुकलं साहेब. माणूस हाय ह्यो."

तेवढ्यात बाई लाडूला घेऊन आल्या. गेनबानं काठी उचलली, आणि तशीच हवेत धरली. आधी विचारलेलं बरं.

"बाई, लाडू तुमचा कोण?"

"असं काय विचारतोस? माझ्या घरातला माणूसच आहे तो. दुसरं कोण आहे मला?"

गेनबानं काठी खाली ठेवली आणि लाडूला रामराम घातला.

शुक्रवारी प्रिन्स गेनबाच्या पोटरीला चावला. वेशीचा राग त्याच्या मनात राहिला असावा. गेनबा लंगडत दवाखान्यात गेला. तिथं नवीन डॉक्टर आले होते.

"काय चावलं?"

"माणूस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोण माणूस?"

"हुपरीकरसाहेबांच्या घरातला."

डॉक्टरांनी जखम वाकून पाहिली. "दात तर बारीक दिसतात. लहान मूल आहे का?"

"छ्या. दाढीमिशा हायत की."

"असे नेहमी चावतात?"

"पैल्यापासनं. दूधवाल्याला चावलं, पेपरवाल्याला चावलं. सत्यनारायणाला गुरुजींना बी चावलं. साहेब म्हनत्यात, खेळकर हाय."

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि कंपाउंडरकडे अर्थपूर्ण पाहिलं. कंपाउंडर गावातलाच. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की निवांत अपार्टमेंटचे सेक्रेटरी माणसांना चावतात. हुपरीकर केस कापायला गेले, म्हणजे कानामागे जे काही होते ते कापायला गेले, तर न्हाव्यानं लांबूनच कात्री चालवली.

हुपरीकर तणतणत गेटवर आले. "अरे गाढवा! गावभर बोभाटा केलास! यापुढं सोसायटीत काहीही घडलं तरी गपचूप दाबून टाकायचं. कुणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. आमच्या घरच्यांनी विचारलं तरी नाही!"

"घरच्यांनी इचारलं तरी न्हाई," गेनबानं पाठ केलं.

शनिवार उजाडला. बाईंना घर मिळालं नव्हतं. एक मालक फोनवर हो म्हणाला होता, पण लाडूचं डोकं बघून त्यानं दाराआडूनच नाही म्हटलं. हुपरीकरांनी तालुक्याहून कुत्री धरायची गाडी मागवली. संध्याकाळी त्यांनी गेनबाला बोलावून घेतलं.

"उद्या सकाळी गाडी येईल. गाडीतला माणूस जाळं देईल. धोकादायक आहे त्याच्यावर टाकायचं आणि उचलून गाडीत घालायचं."

"कोन धोकादायक, साहेब?"

गेनबाला खरंच कळत नव्हतं. प्रिन्स माणूस होता. लाडू माणूस होता. इमारतीत सगळी माणसंच होती. पण हुपरीकरांना वाटलं हा मुद्दाम वेड पांघरतोय. त्यांनी दातओठ खात एकेक खूण सांगितली.

"डोळे लाल असतात! दात दिसतात! तोंडाला फेस येतो! कारण नसताना दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो! आपल्या हद्दीत कुणाला सुखानं राहू देत नाही! असा दिसला की टाकायचं जाळं. ओळखीचा आहे म्हणून सोडायचं नाही. कितीही ओरडला, तरी ऐकायचं नाही. कळलं?"

"आता बराबर कळलं," गेनबा म्हणाला.

रविवारी सकाळी गाडी आली. कुत्री धरणारा माणूस खाली उतरला, त्यानं बोर्डावरचं चित्र पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरला. जाळं गेनबाच्या हातात देऊन तो म्हणाला, "तुझ्या वळखीचा असंल तर तूच धर बाबा. मी पलीकडं चा पितो." ड्रायव्हर पुढं बसून पेपर वाचत राहिला. गाडीच्या मागच्या पिंजऱ्यात गल्लीतली ती मटण खाऊन गेलेली कुत्री आधीच बसली होती.

चिवटेबाई घराच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी कपड्यांची बॅग भरलेली. त्यांचं ठरलं होतं, लाडूबरोबर आपणही जायचं. कुठं ते ठरलं नव्हतं. लाडूच्या तोंडाला मुसकं होतं आणि डोकं बाईंच्या मांडीवर. बाई त्याच्या कानामागे खाजवत होत्या आणि रडत होत्या. बघणाऱ्याचं काळीज तुटावं असं ते दृश्य होतं, आणि वरच्या गॅलऱ्यांमधून सगळे ते बघत होते. या वेळी हातात वडेही नव्हते, तरी कुणी बोललं नाही.

गेनबा जाळं घेऊन लाडूसमोर उभा राहिला. वाकून त्यानं डोळे पाहिले. डोळे लाल नव्हते, पिचपिचे होते. मुसकं काढून दात पाहिले. दात नव्हतेच. फेस नव्हता. लाडूनं त्याचा हात चाटला.

"ह्यो न्हाई," गेनबा म्हणाला, आणि खुणेचा माणूस शोधायला वळला.

हुपरीकर वर दात घासत होते. खिडकीतून त्यांनी पाहिलं की गाडी उभी आहे, लाडू पायरीवरच आहे आणि गेनबा रिकामं जाळं घेऊन फिरतोय. ते तसेच बनियन-पायजम्यावर धावत खाली आले. जागरणानं डोळे तांबारलेले. तोंडात ब्रश, तोंडाला फेस. दात विचकून ते आधी बाईंच्या अंगावर ओरडत गेले, मग लाडूच्या अंगावर. लाडूनं घाबरून डोकं बाईंच्या पदरात खुपसलं.

गेनबानं एकेक खूण जुळवली. एकही कमी भरली नाही.

त्यानं जाळं टाकलं.

"अरे मी आहे! गेनबा, मी आहे!"

"वळखलंय, साहेब," गेनबा म्हणाला. "वळखीचा हाय म्हनून सोडायचं न्हाई." आणि गाठोडं उचलून त्यानं पिंजऱ्यात घातलं, कडी लावली आणि गाडीवर थाप मारली.

"घातला का?" ड्रायव्हरनं पुढून विचारलं.

"घातला."

"लईच वरडतोय."

"वरडू द्या. ऐकायचं न्हाई."

चहा प्यायला गेलेला तो कुत्री धरणारा धावत आला, गाडीत बसला आणि गाडी निघाली. आतली कुत्री हुपरीकरांना लगेच ओळखून शेपट्या हलवायला लागली. त्यांच्या घरी ती एकदा जेवली होती.

गॅलऱ्यांमधून सगळे वाकून गाडीकडे बघत राहिले. मग कोण कुठून हसलं कळलं नाही, पण सगळी इमारत हसली. एवढ्या मोठ्यानं हसली की शेडबाळे अण्णा जागे झाले.

मालतीवहिनी आंघोळ करून बाहेर आल्या. "गेनबा, साहेब कुठं गेले रे?"

गेनबानं तोंड घट्ट मिटलं. घरच्यांनी विचारलं तरी तोंड उघडायचं नव्हतं. वहिनींनी पुन्हा विचारलं. त्यानं तोंडावर हात ठेवला. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण गप्प बसायची सवय कधीतरी कामाला येते.

त्या दिवशी सेक्रेटरी नसल्यामुळे सभा वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली. दारात येऊन उभा राहिलेला दूधवाला म्हणे मला बोलायचंय, त्याच्यामागचा पेपरवाला म्हणे मला. ज्यांना ज्यांना प्रिन्स चावला होता त्या सगळ्यांना एकदम वाचा फुटली. अण्णांनी टक्क जागं राहून ऐकून घेतलं आणि ठराव रद्द केला. "कुत्र्याची जात बघायची नाही," ते म्हणाले. "वागणं बघायचं. ज्याला साखळीत ठेवायचं त्याला ठेवा, मग तो काळा असो की पांढरा." बाईंनी बॅग घरात नेली. मुसकं गेनबाच्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवलं. लाडू गेटपाशी उन्हात पसरला.

अण्णा जाता जाता म्हणाले, "गेनबा, बोर्डावरचं ते बिचाऱ्या कुत्र्याचं चित्र काढून टाक. लावायचंच असेल तर जो खरोखर लोकांच्या अंगावर येतो त्याचं लाव."

अण्णा गमतीनं बोलले. पण गेनबाला गंमत कळत असती तर ही गोष्ट झालीच नसती.

संध्याकाळी हुपरीकर तालुक्याहून परत आले. एका पायात चप्पल. अंगभर केस, आणि हुपरीकरांना तर टक्कल होतं. तालुक्याला पिंजरा उघडल्यावर ड्रायव्हरनं म्हणे आधी घाबरून पुन्हा कडी लावली आणि बराच वेळ विचार केला होता.

गेनबानं उठून अदबीनं रजिस्टर पुढं केलं. "नाव?"

"हुपरीकर," हुपरीकर म्हणाले. ओरडायचं त्राण उरलं नव्हतं.

"कुणाकडं आलाय?"

"हुपरीकरांकडं."

"सही करा."

हुपरीकरांनी सही केली. गेनबानं हात जोडले. हुपरीकर आत पाऊल टाकणार, तोच काठी आडवी आली.

"आत सोडता येत न्हाई, साहेब. तिकडं बघा."

हुपरीकरांनी बोर्डाकडे पाहिलं. वर तांबडी अक्षरं तीच होती, 'यांना आवारात सक्त मनाई'. खाली, कार्यकारिणीच्या फलकावरून काढून आणलेला, त्यांचाच हसरा फोटो होता.

"चित्रातल्यासारखा दिसंल त्याला सोडायचं न्हाई," गेनबा म्हणाला. "कोणी का असंना. तुम्हीच सांगितलंय."

हुपरीकर मटकन खाली बसले. लाडू उठला, त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि त्यांच्या खांद्यावर घमेल्याएवढं डोकं टेकवलं. हुपरीकर दचकले, पण हलले नाहीत. दिवसभरात त्यांच्याशी एवढं चांगलं कुणी वागलं नव्हतं.

गेनबाला साहेबांची दया आली. त्यानं खूप विचार केला आणि त्याला एकदम आठवलं. त्यानं खिळ्यावरून मुसकं काढलं, झटकलं आणि दोन्ही हातांनी अदबीनं पुढं केलं.

"साहेब, हे बांधलं तर गेटपासनं घरापतुर चालतंय. ते बी तुम्हीच सांगितलंय. बैलाचं हाय, पर दोरी आवळतो मी."

वर गॅलरीत मालतीवहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाकीच्या गॅलऱ्याही भरल्या होत्या. हुपरीकरांनी वर पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, लाडूकडे पाहिलं. मग डोळे मिटून तोंड पुढं केलं. गेनबानं मुसकं चढवून गाठ मारली आणि हाताला धरून त्यांना जिन्यापर्यंत नेलं.

जिन्यापाशी थांबून त्यानं वर तोंड करून विचारलं, "वैनी, घरात आल्यावर काढायचं का वो?"

वहिनींनी थोडा विचार केला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"जेवणापुरतं सोडते मी," त्या म्हणाल्या. "मग परत बांधू."